वाघकाकांच्या हार्टचं पथ्यपाणी

सिडकोतल्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा रिटायर मंडळींचं चालणं कमी, बोलणंच जास्त. त्यामुळं किस्से साचत जातात. पण वाघकाकांना अटॅक येऊन गेला आणि निम्मे किस्से एकट्या त्यांच्याच नावावर जमा झाले. मूळचा गंगापूरकडचा ऊसवाला माणूस. पोरीचं लग्न ठरत आलेलं, त्यामुळं काकांना काहीही करून जगायचं होतं.

*

डॉक्टर हिंदीत बोलणारे. म्हणाले, "चाचा, मीठा एकदम बंद."

काकांनी त्याच दिवशी मीठ सोडलं. महिनाभर अळणी भाजी गिळली आणि तोंडाला चव यावी म्हणून वरून जिलेबी. शुगरचा रिपोर्ट बघून डॉक्टर चक्रावले, आणि काका उलट त्यांच्यावरच चिडले.

"तुम्हीच म्हणलात ना, मीठ बंद?"

*

मग डॉक्टरांनी मोडक्यातोडक्या मराठीत बजावलं, साखर नको आणि मीठपण कमी; मिठानं बीपी चढतं, हार्टवर लोड येतो. काकूंनी मिठाची बरणीच लपवली. तरी मी भेटायला गेलो तेव्हा ताटात पापड होताच. मी हटकलं तर काका म्हणतात, "पापडात कुठं मीठ असतंय? त्यात उडीद असतंय."

घरी येऊन मी पापडाचं पाकीट वाचलं आणि माझाच पापड बंद झाला.

*

साखरेचं तर विचारूच नका. चहात गूळ. "डॉक्टरनं कारखान्याची साखर बंद केली. गूळ आमच्या शेतातला हाय."

आमच्या फिरण्यातल्या टेलर फारुखभाईंनी हे ऐकलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मैं तो खजूर खाता हूँ. वो किसमें आता है?"



*

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी दम भरला, दुसरा अटॅक झेपणार नाही. काका टरकले. गूळ गेला, पापड गेला. आणि नेमका पोरीचा साखरपुडा आला.

भरल्या हॉलमध्ये व्याह्यांनी काकांच्या तोंडापुढं पेढा धरला. काकांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. व्याह्यांचा हात तसाच. बायकांत कुजबुज सुरू झाली, पोरगी रडवेली.

व्याही म्हणाले, "पाहुणे, सोयरीक मान्य नाय का?"

"मान्य हाय म्हणून तर खात नाय." काकांनी पोरीकडं बोट केलं. "मला हिचं लगीन बघायचंय."

व्याह्यांनी पेढा परत ताटात ठेवला. मग हळूच गुरुजींकडं वळले.

"गुरुजी, जवळात जवळची तारीख काढा."