तपकिरीची डबी

मुंबईहून हलत्या व्यंगचित्रांचं प्रदर्शन रत्नागिरीत आलं, तेव्हा माझं लग्न ठरायचं होतं. दुसऱ्याच दिवशी गुहागरची माणसं मला बघायला येणार होती. आधी दोन नकार पचवलेल्या आईने घराबाहेर पडायला साफ मनाई केली होती. पण चित्र म्हटलं की मला राहवत नसे. मैत्रिणीकडे जाते असं सांगून मी वाचनालयाची माडी गाठली.

सिनेमातली चित्रं कशी हलतात ते दाखवणारे कागद भिंतींवर ओळीने टांगले होते. दुपारी तिथला चित्रकार आलेल्यांकडूनही चित्रं काढून घेई. तळहाताएवढी वही, पानापानावर तेच चित्र किंचित बदलून काढायचं आणि अंगठ्याखालून पानं भराभर सोडायची, की चित्र हलू लागे. "समोर दिसेल ते काढा," तो म्हणाला.

समोर, खिडकीशी एक अनोळखी बाई बसल्या होत्या. त्यांनी कमरेची डबी काढली, इकडेतिकडे बघत चिमूटभर तपकीर ओढली आणि तोंडाला पदर लावून शिंकल्या. मला आणखी काय हवं? मी त्यांचं नाक वांग्याएवढं केलं, आणि शेवटच्या पानांवर शिंकेसरशी अंबाडाच डोक्यावरून उडवून दिला.

चित्रकाराने माझी वही सगळ्यांना फिरवून दाखवली. आधी हशा झाला, मग माना खिडकीकडे वळल्या. "कुणी काढलंय हे?" त्याने विचारलं, आणि मी मूर्खासारखी ऐटीत उभी राहिले. बाईंनी डबी कमरेला खोचली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्या जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले, तर मुलाची आई म्हणून त्याच बसलेल्या. खाडी ओलांडून यायचं म्हणून ही मंडळी आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे उतरली होती. पहिली बशी मी पाहुण्यांऐवजी काकांपुढेच ठेवली. त्यात आमच्या काकांना उत्साह.

"चित्रं फार सुरेख काढते हो आमची पोर."

"बघितलंय मी," त्या म्हणाल्या. "हात चांगला आहे हो तिचा."

आठवड्याने होकार आला. आईने देवापुढे साखर ठेवली आणि मी शरमेने अर्धमेली झाले. नकार परवडला असता.

सासूबाईंनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. जाच तर नाहीच. पण माझ्यासमोर त्यांनी तपकीर म्हणून ओढली नाही. मागच्या पडवीत, नाहीतर आगरात पोफळींच्या आड जायच्या, आणि मी दिसले की डबी घाईघाईने कमरेला. जणू घरात नवी आलेली सून त्याच होत्या. "इथेच ओढा की," असं कितीदा ओठांवर आलं, पण ते म्हणायलाही मला तोंड नव्हतं.

शेवटच्या आजारात त्यांना उठवेना. एका दुपारी त्या उशाशी चाचपडताना दिसल्या. मी डबी शोधली, उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चिमूट उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि थांबल्या.

"तू जरा आत जा गो," म्हणाल्या.