वॉर्डाच्या दारात बसलेल्या शकुंतलाताई

शकुंतला बाविस्कर मूळच्या अमळनेरच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे सुरतेला आल्या आणि तो गेल्यावरही इथेच राहिल्या. उधन्याच्या बाजूला एका ट्रस्टच्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डाच्या त्या मुख्य सिस्टर होत्या. मी त्यांच्या हाताखाली लागले, त्याच्या दोन-तीन वर्षं आधी शहरात प्लेग येऊन गेला होता. गुजराती माणसं त्यांना बेन म्हणत, नवागाम-दिंडोलीच्या वस्त्यांतली खानदेशी माणसं ताई. आवाज चढवून त्या कुणाशी बोलत नसत, पण एकदा नाही म्हटलं की नाहीच.

एका साली उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा सण, उलटलं आणि तान्ह्या मुलांच्या छात्या भरायला लागल्या. आधी नाक गळायचं, मग दूध पिणं तुटायचं, मग पोट उडायला लागायचं. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांच्या एकेका खोलीत आठ-दहा माणसं झोपायची, त्यामुळे घरंच्या घरं खोकत होती. आमच्याकडे एका खाटेवर दोन-दोन मुलं. लोक दारातच विचारायचे, "सिस्टर, प्लेग तर नाही ना?"

प्लेग नव्हता. डॉक्टर पराग देसाई सांगायचे, हा सर्दीचा विषाणू आहे, मोठ्यांना नुसतं पडसं होतं, तान्ह्यांना सोसत नाही. यावर औषध नाही. ऑक्सिजन लावायचा, थोडं थोडं पाजायचं आणि वाट बघायची.

मग जुलाबासाठी आणलेली दोन मुलं वॉर्डातच खोकायला लागली, आणि त्यातलं एक गेलं. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, "हे आपल्या हातांनी आणि आपल्या खोकल्याने पसरतंय. खोकणारा माणूस आत येणार नाही, मग तो कुणीही असो. मुलाजवळ फक्त आई."

ते सांगून मोकळे झाले. पाळायला लावायचं काम शकुंतलाताईंकडे आलं. भागीरथी आया त्यांच्या बरोबरीची, दोघी एका डब्यात जेवायच्या. तिला सर्दी दिसताच ताईंनी तिची ड्यूटी धुण्याच्या खोलीत लावली.

"इतकी पोरं या हातांनी न्हाऊ घातली, आता माझाच विटाळ?" भागीरथी म्हणाली.

"विटाळ नाही गं. बरी हो आणि ये," ताई म्हणाल्या. भागीरथी त्यानंतर डबा घेऊन आली नाही.

चार दिवसांनी ताईंचाच घसा धरला. त्यांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितलं, वॉर्ड माझ्यावर सोपवला आणि व्हरांड्यात दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या. प्लेगच्या वेळी शिवलेला कापडी मास्क तोंडाला बांधलेला. आत कोण जातं ते बघायचं, हात धुवायला लावायचं, बाकीच्यांना परत पाठवायचं.

तिथेच त्यांची लोटूशी गाठ पडली. तो नवागामचा, लूमवर काम करणारा. त्याची आठ महिन्यांची मुलगी आत होती आणि तिच्याजवळ बायको दिपाली. पाळी सुटली की तो कपड्यांवरची रुई न झटकता तसाच यायचा. आणि तो खोकायचा. ताई रोज त्याला आतली खबर सांगायच्या, रोज परत पाठवायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलीचे ओठ निळे पडायला लागले. मी बाहेर येऊन ताईंना सांगितलं. लोटू शेजारीच उभा होता, त्यानेही ऐकलं.

"मनी पोर शे, ताई. एकदाव देखू द्या," तो म्हणाला.

ताई दवाखान्यात कधी अहिराणी बोलत नसत. तेव्हा बोलल्या. "नही, भाऊ. तू खोकी ऱ्हायना. मधमा आखो पोरं शेतस."

आत आणखी पोरं आहेत म्हटल्यावर त्याने जबरदस्ती केली नाही. दार लाकडी होतं, आरपार काही दिसत नव्हतं. तो दाराला कान लावून उभा राहिला आणि खोकला आला की तोंड दाबून व्हरांड्याच्या टोकाला जाऊन यायचा. आत डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केले. शेवटी दिपाली मुलीला घेऊन बाहेर आली आणि तिने ती त्याच्या हातात दिली. तो दुपट्यात हात घालून तिचे पाय चाचपत राहिला. ताई स्टुलावरून उठल्या होत्या, पण त्यांना पुढे जाता आलं नाही.

त्यानंतर महिनाभर वॉर्डात नव्याने कुणाला लागण झाली नाही. डॉक्टर म्हणाले, "बेन, तुमच्यामुळे झालं." ताई तोवर बऱ्या होऊन आत आल्या होत्या; त्यांनी मान हलवली आणि चादरी बदलायला गेल्या.

नंतर एकदा त्या मला घेऊन नवागामला लोटूच्या घरी गेल्या. दिपाली आतून बाहेर आली नाही. लोटूने गोणपाट अंथरलं, पाणी दिलं.

"तुमनं बी बरोबरच व्हई," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण ही सांगते, डोळे उघडले की पोर दाराकडे बघायची."



पुढच्या थंडीआधी ताईंनी ट्रस्टच्या ऑफिसात खेटे घालून वॉर्डाच्या दारात काच बसवून घेतली. पौषात आणखी एक मुलगा गेला. त्याचा बाप काचेला कपाळ लावून उभा होता. डॉक्टरांनी बोटांनी छाती दाबली तेही त्याने पाहिलं, नळी काढली तेही पाहिलं, आणि तो तिथेच खाली बसला. ताई त्याच्याशेजारी फरशीवर बसून राहिल्या.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं, काचेचा उपयोग झाला का.

"कळत नाही, अर्चना," त्या म्हणाल्या. "लोटूला काही दिसलं नाही. याला सगळं दिसलं."

निवृत्त होईपर्यंत ती काच त्या स्वतःच पुसायच्या, आयांना पुसू देत नसत. आतून ती स्वच्छच असायची. बाहेरून हातांचे ठसे असायचे.