दोन मिनिटं सावधान

प्रल्हाद सिरसाट आमच्या कंपनीत आला तेव्हा मी हवालदार होतो. पोस्टिंग राजस्थानात. ड्रिल माझ्याकडे होती, म्हणून नवे जवान मला उस्ताद म्हणत. प्रल्हाद बार्शीटाकळी तालुक्यातला, मी अकोल्याचा. परमुलखात गाववाला भेटला की माणूस खूश होतो. मी मात्र त्याच्याशी जास्त कडक वागलो. गाववाल्याला सूट दिली असं कोणी म्हणू नये, एवढीच काळजी.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी रिहर्सल होती. ०७०० ला फॉल-इन. ०७४५ ला मागच्या रांगेत प्रल्हाद पडला. तोंडावर पाणी मारलं, उठून बसला.

"क्या हुआ?"

"चक्कर आली, उस्ताद."

"फौजेत चक्कर नसते. नाटक असतं."

कंपनी हसली. मला ते हसणं आवडलं, हे लिहून टाकतो. संध्याकाळी त्याला पिठ्ठू लावला, म्हणजे पाठीवर भरलेलं ओझं घेऊन मैदानाला चकरा. असे तीन दिवस. 'नाटक कंपनी' हे त्याचं नाव मीच पाडलं.

दोन वर्षांनी कंपनी उत्तरेत असताना गस्तीवर गोळी लागून प्रल्हाद गेला. वय तेवीस. मी तेव्हा रजेवर होतो, मेव्हण्याच्या लग्नात पंगतीला बुंदी वाढत होतो.

त्याच्या गावात चौकात त्याच्या नावाचा चबुतरा झाला. निवृत्तीनंतर दर वर्षी आम्ही माजी सैनिक तिथे जमतो. परेड कमांडर मी. प्रल्हादची माय सुमनबाई मला लोकांपुढे उभं करते आणि सांगते, "हे माया पोराचे उस्ताद." लोक हात जोडतात. मीही जोडतो.

आता माझ्या शरीराविषयी. पंधरा वर्षं साखर आहे. रोज गोळी घ्यायची आणि रोज जिलबीला नाही म्हणायचं, यातलं पहिलं मी पाळलं. दोन वर्षांपूर्वी बाजेवरून उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. पाय कोरडे ठणठणीत, आणि जेवायला बसलो की कपाळावरून घाम. दोन घास खाल्ले की पोट गच्च. मी अमरावतीला जाऊन दाखवलं. अकोल्यात डॉक्टर कमी नाहीत, पण ओळखीचे माजी सैनिकही कमी नाहीत.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. तिने आधी झोपवून बीपी घेतलं, एकशे चाळीस. उभं करून घेतलं, नव्वद.

"काका, याला ऑटोनॉमिक न्यूरोपॅथी म्हणतात. नाडी, घाम, पोट, बीपी ही कामं आपण न सांगता ज्या नसा करतात, त्या साखरेनं खराब झाल्यात. तुम्ही उभे राहता तेव्हा रक्त पायांत उतरतं. ते वर ढकलायचा हुकूम पोचत नाही."

"म्हणजे सिग्नलची लाइन तुटली."

"तसंच. पूर्ण जुळेल असं सांगत नाही. सांभाळून राहता येतं. उठण्याआधी ग्लासभर पाणी प्या. आधी बसा, मग पाय सोडा, मग उठा. थोडं थोडं खा. साखर कमी झाली तरी तुम्हाला कळणार नाही, म्हणून तपासत राहा. आणि उभं राहावंच लागलं तर बुटातल्या बुटात बोटं हलवा, पोटऱ्या आवळा."

बुटातल्या बुटात बोटं हलवा. हे मला माहीत होतं. रिक्रूट असताना माझ्या उस्तादाने कानात सांगितलं होतं. म्हणून मी कधी पडलो नाही. प्रल्हादला ते सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी तीन दिवस पिठ्ठू लावला.

घरी बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा आल्या. मांडीपर्यंत घट्ट मोजे आले. सकाळी मी एक, दो, तीन मोजून उठतो.

"उठून राहिले का परेड करून राहिले?" शोभा, माझी बायको, विचारते.

यंदा प्रल्हादच्या गावी निघताना तिने मोजे चढवून दिले. अकोल्याच्या उन्हात ते चढवणं म्हणजे पोत्यात पोतं भरणं.

"आवो, तिथं खुर्ची मांगा."

"खुर्चीवर बसून सावधान कोणी देतं का?"

"मंग मायले सांगा, मी बिमार हाव म्हनून."

"सांगतो," म्हणालो. खरं तर मला मायला दुसरंच सांगायचं होतं. पिठ्ठूचं. सहा वर्षं सांगायचं होतं.

०९३० ला कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीची वंदना सगळ्यांनी बसून म्हटली. मग मी उठलो, आणि लोकांपुढे एक, दो, तीन मोजायची लाज वाटली म्हणून झटक्यात उठलो. परेड, सावधान. दोन मिनिटं मौन. अर्ध्या मिनिटात कान वाजू लागले. बसलो असतो तर निभावलं असतं. बसलो नाही. आधाराला हात पुढे केला, त्यात पुष्पचक्र आलं. त्याच्यासकट पडलो.

डोळे उघडले तेव्हा आकाश दिसत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "सकायीच घेऊन आले काय?"

सुमनबाई पदराने वारा घालत होती. मी पडल्या पडल्याच बोललो. आणखी एक वर्ष थांबलो असतो तर बोललो नसतो.

"माय, प्रल्हाद एकदा परेडमध्ये असाच पडला होता. मी त्याला नाटक म्हणालो. तीन दिवस शिक्षा दिली."

वारा थांबला.

"फोनवर सांगतलं होतं त्यानं," ती म्हणाली. "एक उस्ताद लय तरास देते म्हने. मी इचारलं, कोन हाय? नाव नाई सांगतलं." पदर तिने खांद्यावर नीट घेतला. "मले वाटे, तो दुसरा कोनी अशीन."



ती उठली. गर्दीला म्हणाली, "खुर्ची आना. यायले बसवा. दोन मिन्टं पुरी नाई झाली अजून."

यंदा तिने माझी ओळख कुणाला करून दिली नाही. चुरगळलेलं पुष्पचक्र तिनेच सरळ केलं.

मी खुर्चीवर बसून हुकूम दिला. परेड, सावधान. सगळे उभे, मी एकटा बसलेला. बुटातल्या बुटात बोटं हलवत राहिलो.

सिपाही प्रल्हाद सिरसाट. त्या रिहर्सलला पडताना त्याने रायफल छातीशी धरली होती. कोपरं सोलली, हनुवटी फुटली, पण रायफल जमिनीला लागू दिली नाही. ते मी त्याच दिवशी पाहिलं होतं.