साडूला न दिलेली केबल

थोरल्या जावयाला साडूचं काहीएक बघवत नसे. सासूबाई फोनवर धाकट्या जावयाच्या हुशारीचं कौतुक करायला लागल्या की इकडे याच्या पोटात दुखायला लागायचं. त्यात साडू याच्याच कारखान्यात, अगदी शेजारच्या टेबलावर कामाला आला. कारखान्यात लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनायचे. बोर्डावरच्या चिपच्या मेमरीत आधी बूटलोडर भरायचा, म्हणजे वीज आली की चिपला उठवून कामाला लावणारा छोटा प्रोग्रॅम. ते काम इतकी वर्षं थोरल्याचं होतं.

बोर्डांच्या नव्या लॉटनं घात केला. बूटलोडर भरलेला बोर्ड थोरल्याच्या टेबलावर झकास चाले आणि तपासणीला साडूकडे गेला की ढिम्म. हे जो निस्तरेल तो टेस्टिंगचा प्रमुख, असं मालकांनी सांगून टाकलं.

थोरल्यानं मेमरी पुसून बूटलोडर पुन्हा भरला, भरलेलं ताडून पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं. "माझ्याकडे चालतो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "तिकडे काय करतात कोण जाणे."

चिपमध्ये बूटलोडर भरायची भरवशाची प्रोग्रॅमिंग केबल कारखान्यात एकच होती. साडूला ती मिळू नये म्हणून थोरला ती दिवसभर बोर्डाला लावूनच ठेवी, जेवायला जातानासुद्धा काढत नसे. साडूनं मागितलीच तर "काम चालू आहे" हे उत्तर तयार.

एकदा मालक शेजारी उभे असतानाच साडूनं केबल मागितली. आता नाही म्हणायची सोय नव्हती. थोरल्यानं वीज बंद केली, केबल उपटली आणि रुबाबात बोर्ड पुन्हा चालू केला. बोर्डावरचा दिवा लागलाच नाही.

त्यानं वाकून बोर्ड निरखला. नव्या बोर्डांवर चिपच्या एका पिनेला स्थिर धरणारा रेझिस्टर बसवायचा राहिला होता. त्यामुळे ती पिन मोकळी राहायची आणि चिप बूटलोडरकडे न जाता भलतीकडेच जायची. केबल लावलेली असली की तीच पिनेला धरून ठेवी. म्हणून एवढे दिवस त्याच्या एकट्याच्या टेबलावर सगळं आलबेल होतं. साडूची नजरही त्याच पिनेवर होती. आता हा आपली शोभा करणार, म्हणून थोरल्यानं मान खाली घातली.

"दादांनी पकडलं बघा," साडू मालकांना म्हणाला. "केबल काढून बघायचं त्यांनाच सुचलं."

थोरला प्रमुख झाला. जेवताना बायकोनं सांगितलं, बहिणीचा फोन होता, तिचा नवरा तुमचं कौतुक करून थकत नाहीये. त्यानं ताट पुढे सारलं. साडूनं चारचौघांत उघडं पाडलं असतं तर जन्मभर त्याच्या नावानं बोटं तरी मोडता आली असती. मेल्यानं तीही सोय ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून केबल दोन्ही टेबलांच्या मधोमध ठेवली. मग खुर्चीवर बसून नीट पाहिलं. ती साडूकडे जरा जास्तच गेली होती. त्यानं ती हळूच बोटभर अलीकडे ओढली.