मरळीचा वाटा

आमच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या माणसानं मला फसवलं. एकदा नाही, दर रविवारी, आणि तेही मीच घालून दिलेल्या रीतीचा फायदा घेऊन. खूप वर्षं झाली, आता सोडून द्या, असं घरातले म्हणतात. मी सोडलेलं नाही.

मी सहजासहजी फसणारा माणूस नाही. खांद्यावर चादरींचा गठ्ठा टाकून मंद्रूपच्या बाजारात उन्हात उभं राहण्यापासून मी सुरुवात केली. गिऱ्हाईक चादरीचा पोत बोटांनी चाचपायला लागलं की ते किती वेळ घासाघीस करणार आणि कुठं येऊन थांबणार, हे मला आधी कळायचं. माल देणाऱ्यानं वरची घडी चांगली आणि आतली डागाची घातली तर मी गठ्ठा तिथंच रस्त्यावर सोडायला लावायचो. धंद्यात कुणाकडे पाठ करून मी कधी उभा राहिलो नाही. पाठ केली ती फक्त आमच्या शुक्रवार पेठेतल्या अंगणात, मासळीच्या वाट्यांकडे. आणि तिथंच मार खाल्ला.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. एका अंगणाभोवती आम्ही चार बिऱ्हाडं राहत होतो. एक माझं, एक तेलुगू विणकराचं, एक टांगेवाल्याचं आणि समोरचं हे गिरणीत कामाला असणाऱ्याचं. त्याच्याकडे सायकल होती आणि हिप्परग्याच्या तलावावर मासे धरणाऱ्या भोयांशी त्याची ओळख होती. रविवारी पहाटे तो जायचा आणि कॅरिअरला बांधलेल्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून जिवंत मासळी घेऊन यायचा. चौघांनी मिळून घेतलेली मासळी, म्हणून चार वाटे. अंगणात पळसाची पानं मांडायची, त्यावर मोठे मासे, बारके मासे असे जमेल तितके सारखे ढीग घालायचे.

ढीग कितीही सारखे घातले तरी सारखे होत नाहीत. एकात रोहूचा पोटाकडचा भाग जातो, दुसऱ्यात नुसती काट्यांची बारकी मासळी. सुरुवातीला त्यावरून कुरबुरी झाल्या. तेव्हा रीत मी घातली. माझ्या आईच्या गावाकडे, भीमेच्या काठाला, असंच करतात. एकानं वाट्यांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्यानं एकेका वाट्याला काठी लावून विचारायचं, "हा कुणाचा?" पाठ केलेल्यानं नाव घ्यायचं. बघणाऱ्याला नाव ठाऊक नाही, नाव घेणाऱ्याला वाटा दिसत नाही. यात लबाडीला जागा कुठं आहे? पाठ करणारा मी झालो. काठी समोरच्यानं घेतली.

आता माझी रीतभात सांगतो. पहाटे उठून सायकल मारत मासळी त्यानं आणलेली, म्हणून पहिलं नाव मी नेहमी त्याचं घ्यायचो. मधली दोन नावं कधी विणकराचं आधी, कधी टांगेवाल्याचं. आणि माझं स्वतःचं सगळ्यात शेवटी. चारचौघांत आपलं ताट आधी ओढू नये, एवढं आईनं शिकवलं होतं.

बायको म्हणायची, "आपल्याच वाट्याला दर खेपेला काटे कसे येतात हो?" मी म्हणायचो, नशीब. बाजारात नशिबावर विश्वास न ठेवणारा मी, घरात ते उत्तर देऊन मोकळा व्हायचो.

त्या हिवाळ्यात आई विषमज्वरातून उठली. उठली म्हणजे ताप उतरला, अंगात काही उरलं नाही. दिवसा तिची बाज आम्ही दाराबाहेर उन्हाला टाकायचो, त्यावर ती भिंतीला टेकून बसायची. जेवण जाईना. भात तोंडात घोळवून बाहेर काढायची. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून दिल्या, त्याही नकोत. मग एका संध्याकाळी आपणहून म्हणाली, "मरळीचा रस्सा दे रं मला. पातळ. तेवढा गेला तर जाईल."

आईला मरळ म्हणजे काय, हे मला सांगावं लागत नाही. ज्या बाईनं लहानपणी भीमेच्या डोहात हात घालून मासे चाचपले, तिला दुसरा मासा मासाच वाटायचा नाही. जिवंत मरळ हातातून निसटते, साबणासारखी. आई हाताला चुलीतली राख लावायची, डोक्यामागं घट्ट धरायची आणि वरवंट्याचा एकच घाव. मग खडबडीत दगडावर राख टाकून ती शेपटीकडून डोक्याकडे घासायची, खवले आणि बुळबुळीतपणा दोन्ही निघेपर्यंत. पोट फाडायच्या आधी मीठ लावून एकदा धुवायची, नंतर हळद लावून पुन्हा एकदा. तुकडे आडवे, दोन बोटं जाड. "बारीक तुकडा केला की मासा रडतो," असं म्हणायची, म्हणजे रश्शात फुटतो. आणि आमच्याकडे ज्यात त्यात शेंगांचं कूट पडतं, ते माशात पडलेलं तिला खपायचं नाही. आजारी माणसाचा रस्सा वेगळा. लसूण ठेचून, चार मिरे, हळद, चिंचेचा कोळ आणि शेवटी पाण्यात कालवलेलं चिमूटभर ज्वारीचं पीठ. तिखट अजिबात नाही.

मी समोरच्याला आठवडाभर सांगून ठेवलं. आईसाठी मरळ पाहिजे. तो म्हणाला, बघतो की.

रविवारी त्यानं डबा आणला आणि झाकण काढलं तर मरळ होती. हातभर लांब, काळी, डब्याला आपटून आवाज करत होती. मी लगेच सौदा बोललो. ही एक मला द्या, बाकीची सगळी मासळी तिघांत वाटून घ्या, मला दुसरं काही नको. विणकर हो म्हणाला. टांगेवाला हसला आणि म्हणाला, "सेठ, मेरेकू क्या पूछते? मेरा घोडा मच्छी खाता नहीं, मैं देते वो खाता." म्हणजे त्याचंही हो. राहिला समोरचा. तो काठी हातात घेऊन उभा होता.

"तुमीच नियम घातलाय की," तो म्हणाला. "वाटा म्हंजे वाटा. तुमच्या नशिबात असंल तर तुमालाच येईल."

मी रागानं लाल झालो, पण नियम माझाच. मरळ एका पानावर एकटी ठेवली, बाकीची तीन पानं लावली. मी पाठ केली आणि नळाकडे तोंड करून उभा राहिलो.

"हा कुणाचा?"

त्या दिवशीही मी रीत मोडली नाही. पहिलं नाव त्याचं घेतलं. मग विणकर, मग टांगेवाला, मग मी. वळून बघितलं तर मरळ त्याच्या पानावर आणि माझ्या पानावर बोटाएवढी काटेरी मासळी.

मी त्याला अदलाबदल करायला सांगितलं. माझा वाटा घे, पुढच्या रविवारचाही घे, त्याच्या पुढचाही घे. आयुष्यात एवढा वाकून सौदा मी कुणाशी केला नव्हता. तो म्हणाला घरी पाहुणे येणार आहेत, आणि मरळ उचलून आत गेला.

मग ती बारकी मासळी निवडायला बायको बसली. एकेकीचं पोट अंगठ्यानं दाबून घाण काढायची, मग सगळी टोपलीत घालून जाडं मीठ टाकून घुसळायची म्हणजे टोपलीच्या काड्यांनी खवले निघतात. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची. आईसाठी वेगळा पातळ रस्सा, तोच लसूण, तेच मिरे. शिजल्यावर फडक्यातून गाळला, कारण काटे. रस्सा गाळल्यावर जे उरतं ते हळदीचं पाणी.

समोरच्यांची चूल अंगणातच होती. खोबरं आणि कांदा निखाऱ्यात भाजल्याचा वास आला, मग काळ्या मसाल्याचा, मग मरळीचा. तो वास सगळ्या अंगणात पसरला, आणि आई त्याच अंगणात बाजेवर. तिनं डोळे मिटून घेतले होते. मी वाटी पुढं केली. तिनं दोन घोट घेतले. "चिखल लागतोय," म्हणाली आणि वाटी खाली ठेवली.

थोड्या वेळानं समोरची बाई एक वाटी घेऊन आली. म्हातारीसाठी म्हणाली. वाटीत शेपटीचा तुकडा आणि वर तेलाचा तवंग असलेला लालभडक रस्सा. आईनं वाटीकडे बघितलं, बाईकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "माझा वाटा असता तर खाल्ला असता, बाई. उरलेलं नगं." बाई मान खाली घालून गेली. तिच्यावर माझा राग नाही.

मग आईनं मला जवळ बसायला सांगितलं.

"तू शेवटी सोताचं नाव घेतुस," ती म्हणाली. "आन् पयलं त्येचं. त्येला ठावं हाय. चांगला वाटा पयला दावतो, वंगाळ शेवटाला. मी दोन-तीन ऐतवार बगतिया हितनं."

मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंस?

"काट्याच्या मासळीवरनं भांडान कशाला लावू? पर आज त्यानं माज्याकडं बगितलं. चांगलं डोळ्यांत डोळं घालून बगितलं. आन् मग काठी लावली."

मी त्याच क्षणी उठलो होतो. आईनं धोतर धरून खाली बसवलं. म्हणाली, पाहुणे आहेत त्याच्या घरी, आता नको. तिच्या शब्दासाठी मी आठवडाभर गिळून बसलो. ते आठ दिवस मी बाजारात ज्याच्या त्याच्यावर खेकसत होतो.

पुढच्या रविवारी पुन्हा चार पानं मांडली. मी नेहमीसारखी पाठ केली. काठी टेकल्याचा आवाज आला. "हा कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

मी वळलो. काठी अजून वाट्यावरच होती. त्या पानावर त्या दिवसाची सगळ्यात मोठी वाम वेटोळं घालून पडली होती, आणि तिच्या शेजारी रोहूचं अख्खं पोट. मी म्हणालो, आता शेवटचा कुठला दाखवणार होतास, तोही दाखव. विणकर आणि टांगेवाला दोघांनी माना वळवून टोकाच्या पानाकडे बघितलं. तिथं नुसती बारकी, तीही निम्मी मेलेली.

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. गल्लीतली माणसं जमली. तो मात्र आवाज न चढवता एवढंच म्हणाला, "पाठ तुमची व्हती की. नावं तुमी घेतली. मी नुस्ती काठी लावली."

आणि जमलेल्यांतले दोघं-तिघं हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं. मी ती वाम तिथंच टाकली आणि घरात गेलो. त्या दिवसापासून अंगणातले वाटे बंद झाले.

नंतर मी स्वतः तलावावर गेलो. भोयांच्या होड्या लागेपर्यंत काठावर बसलो आणि त्याच्या मरळीपेक्षा मोठी मरळ घागरीतून जिवंत घरी आणली. चिखलाचा वास जायला एक दिवस पुरतो, मी दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवली. राख आणून आईच्या बाजेजवळ ठेवली. वाटलं, तिच्या हातात दिली की तिचा हात आपोआप चालेल. आईनं घागरीत डोकावून बघितलं, पाण्यात बोट फिरवलं. मरळीनं उसळी मारली. आई म्हणाली, "चांगली हाय. तुमी खावा."

तिनं नंतर कधीच मासा खाल्ला नाही. हळूहळू बरी झाली, भाकरी खायला लागली, घरात हिंडायला लागली, पुढं बरीच वर्षं जगली. सुनेला मासा कसा धरायचा, कसा घासायचा, हे बसून सांगायची. ताटात वाढायला गेलं की हात आडवा धरायची. कारण कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारायची हिंमत केली नाही. मन उडालं, एवढंच. मला मात्र ते कुठल्या घटकेला उडालं, हे माहीत आहे.

समोरचा अजून आहे. म्हातारा झालाय, मीही झालोय. माझ्या दुकानावरून जाताना "काय शेठ" म्हणून हात वर करतो. लग्नाकार्यात पंगतीला बसला की हा किस्सा सांगतो, शेठची पाठ आणि माझी काठी, आणि लोक हसतात. माझ्या वाट्याला आलेल्या काट्यांचा हिशेब मी त्याला मागत नाही. ते मी गिळले.

त्यानं एकदा माझ्या दुकानात यावं. मी पाठ करणार नाही, त्यानंही करू नये. माझ्या तोंडाकडे बघून एवढंच सांगावं. त्या दिवशी पहिल्या पानावर काठी ठेवायच्या आधी त्यानं मान वर करून बाजेकडे बघितलं होतं. तिथं कोण पडलंय आणि कशासाठी वाट बघतंय, हे त्याला ठाऊक होतं. मग काठी मरळीवर का लावली? नावं मी घेतली असतील. पण काठी त्याच्या हातात होती. याचं उत्तर त्यानं द्यावं, आणि ते मी जिवंत असेपर्यंत द्यावं.