आज आमची गौरी क्लासले आली नाही

क्लासच्या ग्रुपवरच्या पालकांनो, हे मी तुमच्यासाठीच लिहून राह्यली.

आज केळापूरजवळच्या आमच्या शेतात सीतादही होती. कापूस वेचायच्या आधी धुऱ्यावर, म्हंजे शेताच्या बांधावर, पूजा करून दहीभाताचा निवद दाखवतात, ती. बोंडअळीले वैतागून माझ्या सासऱ्यांनी पुढच्या वर्षीपासून कापूस लावायचाच नाही असं ठरवलं. म्हणाले, "शेवटची सीतादही आहे, गौरीले घेऊन ये."

पाचवीतली पोर. शाळा, शिकवणी, अबॅकस, आन् रविवारी स्कॉलरशिपचा क्लास. आजोबाचं गाव इतकं जवळ, पण पोळ्यापासून भेट नाही.

सुट्टी मागितली तर सर फोनवर म्हणाले, "कापूस दरवर्षीच फुटते मॅडम. पोरीच्या भविष्याशी कायले खेळता?"

मी फोन ठेवला आन् तिले घेऊन गेली. गौरीनं आजोबासोबत पहिला कापूस वेचला. सगळ्यांसंग बसून दहीभात खाल्ला आन् भरदुपारी त्यांच्या मांडीवरच झोपली. सासरे हललेसुद्धा नाहीत. हळूच मले म्हणाले, "सूनबाई, एवढीशी पोर इतकी थकली काहून?"



घरी आलो तर ग्रुपवर सरांचा मेसेज: बेजबाबदार आईमुळे गौरी आता मागच्या बॅचमध्ये. आन् त्याच्याखाली तुमचे अंगठे!

तिचं नाव मी क्लासमधून काढलं. कौतुक नको, सल्लाही नको. ज्यांनी अंगठे दिले त्यांनी एवढंच सांगा: तुमच्या घरात सगळे मिळून शेवटचे जेवले कधी?