विहीणबाईंचं नाक

आमच्या विहीणबाईंसारखं नाक अख्ख्या नागपुरात दुसऱ्या कोणाला मिळालेलं नाही, असं मी म्हटलं की लोक हसतात. म्हणतात, लेक दिली त्या घरात, कौतुक करणारच. करते ना! पण उगाच नाही करत. बाकीचे लोक डोळ्यांनी वाचतात. माझी शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे मी वाण्याच्या पुड्यांचे कागद बोट ठेवून ठेवून वाचत इथवर आले, म्हणजे माझं वाचन बोटानं झालं म्हणा. विहीणबाई मात्र नाकानं वाचायच्या. आता हे कसं, ते सांगते. सांगून झाल्यावर मग हसायचं तर हसा.

पहिली भेट झाली ती माझ्या मुलीला पाहायला आल्या तेव्हा. मी पोह्यांची ताटली पुढे केली. त्यांनी ती हातात घेऊन नुसती नाकाजवळून फिरवली आणि म्हणाल्या, "सांबार आत्ताचा आहे, कढीपत्ता मात्र सकाळी तोडलेला दिसते." (आम्ही विदर्भातले लोक कोथिंबिरीला सांबार म्हणतो, हे बाहेरच्यांसाठी.) कढीपत्ता सकाळचाच होता. मला घामच फुटला. आता मुलीला भाजी कोणती येते, पुरण किती वाटता येतं, असं विचारतील म्हणून मी सगळी उत्तरं पाठ करून घेतली होती तिच्याकडून. तर यांचा पहिला प्रश्न, "काय वाचून राहिली सध्या?" मुलगी खरं बोलून गेली, "रहस्यकथा." "अन् वाचता वाचता काय खाते?" मी डोळे मिटले. मुलगी म्हणाली, "फुटाणे." विहीणबाईंनी ताटली खाली ठेवली आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "फुटाण्यानं पानाले तेल लागत नाही. पोरगी पसंत आहे." जावईबापू बिचारे तोपर्यंत सतरंजीची नक्षीच बघत होते. त्यांना पसंती विचारायची राहिली, ती आजतागायत राहिलेलीच आहे.

त्यांचं घर नंदनवन वस्तीत. माहेर उमरेडचं, विणकरांचं. माग कधीच थांबले, पण मसाला कुटायचा तो त्या घरचाच, काळा, सावजी. घराच्या मागच्या गॅलरीत कुंड्यांची गर्दी. गवती चहा, पुदिना, मरवा, तुळस, अन् मधोमध हौदाएवढ्या कुंडीत कढीपत्त्याचं झाड. त्या गर्दीत खुर्च्या कोंबून दर गुरुवारी दुपारी आमची बैठक बसायची. आम्ही चौघं. विहीणबाई, मी, शेजारच्या मास्तरीणबाई आणि बँकेतून निवृत्त झालेले एक भाऊ, जे शेवटचं पान आधी वाचून घेतात आणि मग पुस्तक सुरू करतात. पुस्तकांवर बोलायला जमायचो आणि वांग्यावर भांडून उठायचो. भरल्या वांग्यात तीळ की खोबरं, यावर मास्तरीणबाई आणि भाऊ यांच्यात जो वाद आहे तो माझ्या लेकीच्या लग्नाआधीपासूनचा आहे.

आता पानांचं सांगते. पुस्तक वाचून संपलं की विहीणबाई त्यात एक वाळवलेलं पान ठेवायच्या. कोणतं पान, हे पुस्तकाच्या स्वभावावर. रहस्यकथेत पुदिना, डोकं जागेवर राहावं म्हणून. कवितेत गवती चहाची पात. रडवणाऱ्या कादंबरीत मरवा. आत्मचरित्रात नेहमी कढीपत्ता. मी एकदा विचारलं, हे काहून? तर म्हणाल्या, "प्रत्येक गोष्टीत हजर असते अन् शेवटी लोक बाजूले काढून ठेवतात, म्हणून." जाडजूड, हळू चालणाऱ्या कादंबरीत दगडफुलाचा तुकडा. "गरम तेल लागल्याशिवाय दगडफूल बोलत नाही. ही कादंबरीही तशीच. धीर धरा." सांबाराला मात्र त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात प्रवेश नव्हता. "वाळला की वास सोडून जाते. बेइमान आहे," एवढं बोलून त्यांनी त्याला कायमचा भाजीत पाठवला होता.

आणि हे नुसतं सजावटीपुरतं नव्हतं, बरं का. एका उन्हाळ्यात भर दुपारी लाइट गेली. आतल्या खोलीच्या खिडक्यांना उन्हासाठी जाड पडदे, आत काही दिसेना. भाऊंना नेमकी तेव्हाच एक कादंबरी हवी झाली. म्हणाले, "राहू द्या वहिनी, लाइट आल्यावर पाहू." विहीणबाई उठल्या, अंधारात कपाटापुढे उभ्या राहिल्या, नाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, जरा मागे आल्या आणि एक पुस्तक ओढून बाहेर आणून दिलं. तेच होतं! भाऊंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, प्रसाद घेतात तसं. मी तर सांगते, त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पण मुलीकडची विहीण म्हणून आधीच इतकं वाकून झालं होतं, की आणखी वाकायला जागा नव्हती.

पुस्तकात कोणी काही जेवलं की तो पदार्थ पुढच्या गुरुवारी आमच्या ताटात यायचा. नायिकेनं ज्वारीच्या कण्या खाल्ल्या, आम्ही कण्या खाल्ल्या. नायकाला तुरुंगात पातळ आमटी मिळाली, तर आम्हालाही मिळाली, आणि वर "अजून पाणी पाहिजे होतं काय?" ही विचारपूस. पण लेखकाकडून जेवणात चूक झाली, की संपलं. एका मोठ्या नावाजलेल्या कादंबरीत सासू वरणात आधी हिंग टाकते आणि मग तेल गरम करायला घेते. विहीणबाईंनी तिथंच पुस्तक मिटलं. "ज्याले फोडणी समजत नाही त्याले सासू काय समजन?" मास्तरीणबाईंनी त्या लेखकाची बाजू मांडून पाहिली, भाषाशैली वगैरे. विहीणबाई म्हणाल्या, "शैलीवर वरण नाही होत, बाई."

इतवारीतले मसालेवाले तर त्यांना पाहून पोती झाकायचे. नंतर नंतर उलटं झालं. एक दुकानदार स्वतःच म्हणायचा, "आजी, नवा माल आला, जरा नाक लावून जा." त्यांनी मान हलवली तरच तो माल पुढे मांडायचा.

अशा बाईच्या स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या कशाला असतील! सगळे डबे एकाच मापाचे, स्टीलचे, बंद झाकणाचे. माझ्या मुलीनं लग्नानंतर हौसेनं सगळ्यांवर नावं चिकटवली, तर यांनी ती संध्याकाळपर्यंत धुऊन टाकली. "नाक असताना चिठ्ठी कशाले वं पोरी?" डबा उघडायचा, वास घ्यायचा, चमचा घालायचा. डोळे तेव्हा खिडकीबाहेर.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. चांगला आठवडाभर राहिला आणि गेला. गुरुवारची बैठक पुन्हा सुरू झाली. त्या आत चहा करायला गेल्या, कप घेऊन आल्या. मी पहिला घोट घेतला आणि थांबले. चहात काळा मसाला होता. थोडाथोडका नाही, रश्शात टाकतात तसा. लवंग, दगडफूल, भाजलेलं खोबरं, सगळं दुधात तरंगत होतं.

आता कोणीही शहाणं माणूस म्हणालं असतं, बाई, डबा चुकला. पण आम्ही त्यांच्या हाताखाली तयार झालेले! आम्हाला वाटलं, हाही कोणत्या तरी पुस्तकातला असणार. मास्तरीणबाईंनी गिळला आणि म्हणाल्या, "वेगळाच आहे हो." भाऊंनी कपाळाचा घाम पुसला. "भल्लाच जोरदार चहा आहे वहिनी. कोणत्या कादंबरीतला?" मी म्हटलं, "सैनिकाबिनिकाची असेल." विहीणबाईंनी आपल्या कपातला घोट घेतला, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "सुंठ जरा जास्त झाली काय?"

माझा कप हातातच राहिला. त्या चहात सुंठ नव्हतीच. जिभेला तिखट लागलं, म्हणून त्या सुंठ म्हणाल्या. बाकीचं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

भाऊ घाईनं म्हणाले, "छे छे, एकदम बराबर आहे." मास्तरीणबाई म्हणाल्या, "मस्तच झाला." मी म्हटलं, "हो ना." विहीणबाईंनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं. कप खाली ठेवला.

"आज कोणी भांडून नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "सुंठेवर तुम्ही तिघं कधी एकमतानं बोलले?"

त्या उठून आत गेल्या. कपाटापुढे उभ्या राहून एक पुस्तक काढलं, नाकाला लावलं, परत ठेवलं. दुसरं काढलं. तेही ठेवलं. मग बाहेर येऊन खुर्चीत बसल्या. "तापानं वास नेला. डॉक्टर म्हणते, येईन तर येईन. इतके दिवस अंदाजानं चालवलं. घरात पोरीले पण नाही सांगतलं." आणि मग, गावाला निघाल्यासारख्या सरळ आवाजात, "पुढच्या गुरुवारी येऊ नका. पुस्तकं पाहिजे ती घेऊन जा. मले आता सारी सारखीच."

आम्ही एकही पुस्तक नेलं नाही. पण त्यांनी खरंच कपाटाला कुलूप लावलं. मुलीचा फोन आला, "आई, त्यांनी काल दुधी नुसता उकडून वाढला. फोडणी टाकायचीच नाही म्हणतात. कुंड्यांना पाणी पण मीच घालते आहे." जिनं मला जेवताना वाचायला आणि वाचताना जेवायला शिकवलं, ती उकडलेला दुधी खाऊन भिंतीकडे बघत बसली आहे!

गुरुवारी मी गेलेच. एकटी. सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले आणि पाटवडीच्या रश्शासाठी गॅसवर कढई ठेवली. विहिणीच्या घरात विचारल्याशिवाय गॅस पेटवणारी मुलीची आई तुम्ही पाहिली नसेल. त्यांनीही पाहिली नव्हती. दारात येऊन म्हणाल्या, "काय करून राहिल्या, विहीणबाई?"

"मले मसाला भाजता येत नाही तुमच्यासारखा. तुम्ही स्टुलावर बसा. मी वास सांगते, तुम्ही पुढचं सांगा."

बसल्या. मनातून नाही, पण बसल्या. मी दगडफूल तेलात टाकलं.

"सांगा."

"चांगला वास येऊन राहिला."

"चांगला! चांगला म्हणजे काय? एवढी पुस्तकं वाचली अन् 'चांगला'?"

नाक सगळ्यांनाच असतं, पण वासाला शब्द कुठून आणायचे? मी म्हटलं, "ओल्या लाकडासारखा."

"उमरेडले आमच्या अंगणात खळ लावलेलं सूत उन्हात टाकत, तसा?"

"मले तुमचं अंगण काय माहीत? मी रामटेककडची. आमच्याकडे नव्या धानाची कोठी पहिल्यांदा उघडली की आधी गार, मातीचा वास येते अन् मागून गोड, तसा."

त्यांनी डोळे मिटले. कढईत तडतड सुरू झाली.

"आता गोडावरून जळक्यावर चालला काय?"

"होवं!"

"मग काढ ना वं बाई खाली! पाहत काय राहिली?"

लेकीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात पहिल्यांदाच त्यांनी मला 'तू' म्हटलं. रस्सा जरा करपलाच. चौघांनी खाल्ला, कारण मास्तरीणबाई आणि भाऊ तोपर्यंत दारात येऊन उभे होते, आणि भाऊ पहिल्याच घासाला म्हणाले, "करपला आहे." विहीणबाईंचा चेहरा जो उजळला, तो मी विसरणार नाही.

कुलूप निघालं. आता गुरुवारी डबे मी हुंगते, वाचतेही मीच मोठ्यानं, बोट ठेवून. चिठ्ठ्या अजूनही लावू देत नाहीत. इतवारीतही आम्ही दोघी जातो. दुकानदार पोतं उघडतो, मी वास घेते, त्यांच्या कानात सांगते, आणि मान त्या हलवतात.

परवा एक पुस्तक संपलं. एका बाईनं लिहिलेली आपल्या संसाराची साधी हकीकत. आत्मचरित्रच, म्हणजे कढीपत्ता ठरलेला. पण विहीणबाईंनी वाळल्या पानांचा डबा माझ्यापुढे सरकवला. "तू ठेव." मी डब्यात हातच घातला नाही. ओट्यावर भाजीसाठी निवडलेला सांबार होता, त्यातली एक काडी घेऊन पानांत दाबली.

"काय ठेवलं?"

"सांबार."

"त्याचा वास जाते, वं."

"माहीत आहे. पान तर राहते."

त्यांनी पुस्तक घेतलं, उघडलं, नाकाजवळ नेलं आणि पूर्वी घ्यायच्या तसाच लांब, सावकाश श्वास घेतला. मग मिटून मांडीवर ठेवलं.

"बराबर आहे," म्हणाल्या.

वास आला होता की नाही, ते मी विचारलं नाही.